मधली तुकडी

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी सुजयराव शिवलकर नेहमीप्रमाणे मिरकरवाड्याच्या बंदरावरून परतले, स्कूटर जिन्याखाली लावली, हातातली पिशवी अंगापासून हातभर लांब धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि चपला दाराबाहेर काढून सरळ स्वयंपाकघरात गेले. वाटेत ते कुणाशी बोलले नाहीत. मासळी घेऊन येणाऱ्या माणसाने वाटेत गप्पा मारू नयेत, हा त्यांच्या वडिलांचा नियम होता. वडिलांचे बाकीचे नियम काळाबरोबर सैल झाले असले तरी हा एक त्यांनी निष्ठेने पाळला होता. ओट्यावर त्यांच्या पत्नीने, मृणालीने, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण काढून ठेवले होते. खिडकीशी खुर्चीत बसून त्यांच्या आई कमळाबाई सोलकढीसाठी आमसुले भिजत घालत होत्या.

"कुर्ल्या मिळाल्या काय रे?"

"मिळाल्या. चांगल्या जड आहेत."

"असणारच. अंधाऱ्या पाखातल्या ना. चांदण्यातली कुर्ली म्हणजे नुसती कवची चोखायची."

इथपर्यंत सारे रीतीप्रमाणे चालले होते. सुजयरावांनी पिशवी मोरीत उपडी केली आणि एकेका खेकड्याचे डेंगे, म्हणजे नांग्या, मोडायला सुरुवात केली. हे काम कुर्ली जिवंत असतानाच करायचे असते. सुजयराव ते लहानपणापासून करत आले होते आणि त्याविषयी त्यांनी शेंगा सोलण्याइतकाही विचार कधी केला नव्हता. मात्र त्या दिवशी एका कुर्लीच्या डेंग्यांवरचा सुतळीचा फेरा सुटला आणि ती तिरकी तिरकी पळत गॅसच्या सिलिंडरमागे जाऊन बसली.

सुजयराव बॅटरी घेऊन जमिनीवर पालथे पडले. कुर्लीचे डोळे दोन काड्यांच्या टोकांवर बसवलेले असतात आणि ती माणसाकडे पाहते आहे की भिंतीकडे, हे सांगणे कठीण असते. तरीही ही कुर्ली आपल्याकडेच पाहते आहे, असे सुजयरावांना स्पष्ट वाटले. तिने एक डेंगा वर उचलून तोंडासमोर आडवा धरला होता. मार चुकवू पाहणारा माणूस हात धरतो, अगदी तसा.

"सापडली का?" मृणालीने विचारले.

"सापडली," सुजयराव म्हणाले आणि बराच वेळ उठले नाहीत.

बाकीच्या कुर्ल्यांचे सार झाले. सुजयरावांनी ते खाल्ले का? खाल्ले. सार उत्तम झाले होते, आणि पुढच्या सगळ्या अडचणीचे मूळ नेमके तिथेच होते. ते बेचव झाले असते तर ही कथा त्याच दुपारी संपली असती.

संध्याकाळी त्यांनी ती उरलेली कुर्ली बादलीत घातली आणि स्कूटरवरून भाट्याच्या खाडीवर नेली. कोणी पाहत नाही असे पाहून त्यांनी तिला चिखलात सोडले आणि मोकळ्या मनाने वळले. एवढ्यात मागून हाक आली. गळ टाकून बसलेला एक सज्जन गृहस्थ कुर्ली मागून पकडून घेऊन धावत येत होता.

"साहेब, तुमची कुर्ली पडली!"

"पडली नाही, मी सोडली."

"सोडली? का, मेलेली होती?"

"नाही. जिवंत होती म्हणूनच सोडली."

गृहस्थाने सुजयरावांकडे काळजीने पाहिले. "मग मी नेतो ना घरी," तो म्हणाला. ती कुर्ली त्याच्याकडून परत मिळवण्यासाठी सुजयरावांना तो आपला नवस असल्याचे खोटेच सांगावे लागले. मग तिला लांब कांदळवनात नेऊन सोडताना तिने त्यांचा अंगठा असा धरला, की दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात पट्टी बांधून गेले. उपकाराची जाण ही गोष्ट कवचवाल्या प्राण्यांत फारशी आढळत नसावी.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केले, की आपण मांसाहार सोडणार आहोत; मात्र हळूहळू. सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे देवाचे वार घरात पूर्वीपासून पाळले जात होते. उरलेले चार वार महिन्याला एक असे सोडायचे. आधी मंगळवार, मग बुधवार, मग शुक्रवार आणि सर्वांत शेवटी, मनाची पुरेशी तयारी झाल्यावर, रविवार.

मृणाली शाळेत गणित शिकवत असे. ती म्हणाली, "म्हणजे मंगळवारची कुर्ली तुमच्याकडे बघते आणि रविवारची डोळे मिटून घेते, असंच ना?"

"एकदम सोडणं मला जमणार नाही, मृणाली. मला आवडतं ते."

"मग खा."

"पण मला ते बरं वाटत नाही."

"मग सोडा."

ज्याला एखादी गोष्ट आवडते आणि ती बरी वाटत नाही, अशा माणसाला या जगात बसायला जागा नसते, हे सुजयरावांना त्याच क्षणी कळून चुकले. कमळाबाईंनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारले, "पोटात दुखतं काय रे तुझ्या?"

शिवलकरांच्या घरात मासे वाढण्याची एक पद्धत होती. मासा मोठा असला की त्याची मधली तुकडी सुजयरावांच्या ताटात पडे, तिच्यामागची मृणालीच्या, आणि डोके व शेपूट कमळाबाई स्वतःकडे घेत. पूर्वी मधल्या तुकडीवर सुजयरावांच्या वडिलांचा मान होता. ते गेल्यावर तो मुलाकडे आला. 'मला डोकंच आवडतं' हे आईचे वाक्य सुजयरावांनी इतक्या वेळा ऐकले होते, की ते त्यांना ऐकूसुद्धा येत नसे.

मंगळवार फारसा जड गेला नाही, पण बुधवार सुटला आणि इमारतीत चर्चा सुरू झाली. दर्शना ही मासेवाली कामाच्या वारी पाटी घेऊन दारावर येई आणि रविवारी बंदरावर बसे. दोन बुधवार सुजयरावांच्या दारातून रिकाम्या हाताने परतल्यावर तिसऱ्या वेळी तिने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"काय वो भाऊ, कुणाकडचा म्हावरा घेताव आता?"

"कुणाकडचाच नाही गं. मी सोडतोय."

"माझ्यासमोर असा बोलू नका. त्या मॉलवाल्याकडचा बर्फातला आणताव, आणखी काय! मी काय कमी केला होता तुम्हाला? गाभोळीवाला मासा बाजूला काढून ठेवायची मी तुमच्या आईसाठी!"

"दर्शना, देवाशपथ, मी मासेच खात नाही."

"मग रविवारी बंदरावर काय समुद्र बघायला येताव?"

टप्प्याटप्प्याने केलेल्या सुधारणेचा हाच दोष असतो. माणूस कोणत्याही वारी पकडला जाऊ शकतो.

खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांना जिन्यात थांबवून कोणत्या महाराजांचे नाम घेतले, अशी चौकशी केली. कोणाचेच नाही म्हटल्यावर त्यांनी आवाज खाली आणून रिपोर्टमध्ये काय आले, असे विचारले. रिपोर्टही नाहीत म्हटल्यावर ते दुखावले. धर्म नाही, दुखणे नाही. मग सभ्य माणसाने मासे सोडायचे तरी कशासाठी? सुजयरावांनी एकदा मोठ्या धैर्याने कुर्लीची हकिगत खरी खरी सांगून पाहिली. त्यानंतर आठवडाभर इमारतीतली माणसे त्यांना पाहिले की एक हात तोंडासमोर आडवा धरत.

पण सर्वांत मोठा धक्का बसला तो शेजारच्या श्रीपतीभाऊंना. भाऊंच्या घरात तीन पिढ्यांत अंडेसुद्धा शिरले नव्हते. त्यांच्या पत्नी मालिनीवहिनी कांदासुद्धा खिडकी उघडून चिरत. भाऊ मात्र दर रविवारी दुपारी बाराच्या सुमारास 'तुमचा पेपर बघतो जरा' म्हणून शिवलकरांकडे येत. पेपर ते अर्धा तास वाचत, आणि त्या अवधीत तळलेल्या दोन तुकड्या व एक वाटी सार कुठे जाई, याची वाच्यता दोन्ही घरांत कधी कोणी केली नव्हती. त्या पेपरवाचनाला वीस वर्षे होत आली होती.

"अरे सुजय, हा काय अतिरेक?" भाऊ म्हणाले. "माणसानं समतोल ठेवावा. आपल्याकडे आहाराला किती महत्त्व दिलंय! प्रकृतीप्रमाणे खावं. तुझी प्रकृती माशांची आहे."

"भाऊ, तुम्ही स्वतः शाकाहारी आहात."

"म्हणूनच सांगतो! मी अनुभवलंय." भाऊंनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "बरं, तू नको खाऊस. पण रविवार घरातला का मोडायला निघालास? बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

याच्या अगदी उलट, मालिनीवहिनींच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांच्या दृष्टीने एक शेजारी बुडता बुडता वर आला होता. रोज संध्याकाळी त्यांची वाटी येऊ लागली: दुधी, पडवळ, पुन्हा दुधी, लाल भोपळा, पुन्हा दुधी. कोवळे फणस बाजारात आल्यावर त्या फणसाची भाजी स्वतः घेऊन आल्या.

"खाऊन बघा भावोजी. अगदी मटणासारखी लागते हो!"

वहिनींनी हे कशावरून ठरवले, हा प्रश्न सुजयरावांच्या ओठांवर आला होता. पण वहिनींच्या पाठीमागे उभ्या असलेल्या श्रीपतीभाऊंनी डोळे मिटून, अत्यंत खिन्नपणे, मान डावीउजवीकडे हलवली.

पण त्याआधी, ज्या महिन्यात शुक्रवार सुटला त्याच महिन्यात, सुजयरावांच्या कार्यालयात लेखापरीक्षणाचे पथक आले. सुजयराव तिथे वरिष्ठ सहायक होते. फायलींच्या बाबतीत त्यांचे मत कोणी फारसे विचारत नसे, परंतु बाहेरून अधिकारी आले की मासे कोणते आणि कुठले, याचा निर्णय त्यांच्याच टेबलावर होई. ही त्यांची कार्यालयातली खरी प्रतिष्ठा होती.

"शिवलकर, पथक शुक्रवारी जेवेल. सुरमई तुम्ही निवडा," साहेब म्हणाले.

"साहेब, मी शुक्रवारी मासे खाणं सोडलंय."

"तुम्हाला खायला कोण सांगतंय? निवडायचे फक्त."

सुजयरावांनी पहाटे बंदरावर जाऊन कल्ले उघडून, पोट दाबून सुरमई निवडली आणि खाणावळीत पोचवली. दुपारी सगळे पंगतीने बसले. ताटे आली. सुजयरावांसमोर बटाट्याची भाजी आली. पथकाचे प्रमुख विदर्भातून आलेले, बारीक आवाजाचे, अतिशय सावध गृहस्थ होते. त्यांनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"मासा तुम्हीच आणला ना, शिवलकर? मग तुम्ही घेतला नाही?"

"मी शाकाहारी होतोय, सर."

"होतोय म्हणजे?"

"हळूहळू होतोय."

"परवा बुधवारी नव्हता खाल्ला?"

"बुधवार आधीच सोडलाय."

"आणि येत्या रविवारी?"

"रविवारी..." सुजयरावांनी साहेबांकडे पाहिले. "रविवारी खाणार आहे, सर."

प्रमुखांनी घास ताटात ठेवला. आयुष्यभर पावत्यांच्या मागचे सत्य शोधलेल्या माणसाची चमक त्यांच्या डोळ्यांत आली. "म्हणजे तुम्ही मासे खाता. रविवारी खाणार आहात. फक्त तुम्ही स्वतः निवडलेला, आजचा, हा मासा खात नाही." त्यांनी ताट बोटभर दूर सारले. त्यांच्या शेजारच्याने हात आखडता घेतला. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता सगळी पंगत हात वर धरून सुरमईकडे संशयाने पाहू लागली.

साहेब हसले. ते हसू सुजयरावांच्या पुढच्या गोपनीय अहवालावर नजर ठेवून होते. "शिवलकर," ते गोड आवाजात म्हणाले, "एक तुकडी घ्या ना."

आणि शासनाच्या प्रतिष्ठेसाठी सुजयरावांनी शुक्रवारी सुरमई खाल्ली. ती बाहेरून खरपूस आणि आतून लोण्यासारखी होती. मानभंगाने त्यांचे कान तापले होते आणि त्याच वेळी जीभ सुखाने विरघळत होती. हे दोन्ही एकाच माणसाच्या एकाच डोक्यात घडत होते, याची त्यांना विलक्षण चीड आली. दुसऱ्या तुकडीचा मात्र कोणी आग्रह केला नव्हता. ती त्यांनी आपणहून घेतली.

घरी येऊन त्यांनी मृणालीला सगळे सांगितले आणि प्रायश्चित्त म्हणून रविवारही त्याच आठवड्यापासून सोडत असल्याचे सांगितले. मृणालीने वहीतून डोके वर केले नाही. "पंगत लागली की कळेलच," ती म्हणाली.

पण या वेळी ते खरेच टिकले. आणि ते टिकले म्हणूनच खरी अडचण समोर आली.

झाले होते असे, की सुजयरावांचा जो वार सुटे तो कमळाबाईंचाही सुटत होता. मंगळवारी त्या म्हणाल्या, माझ्या एकटीसाठी कुठे विळी भरवायची? बुधवारीही तेच. मृणालीला शाळेत मैत्रिणींच्या डब्यातले बांगडे मिळत, त्यामुळे तिची काही तक्रार नव्हती. रविवारही गेला, तेव्हा कमळाबाई सकाळी पेज आणि लोणचे, रात्री दोन घास आमटीभात, एवढ्यावर आल्या. मालिनीवहिनींच्या दुधीला त्या नावे ठेवत नसत; फक्त वाटीभर दुधी जशीच्या तशी उरे.

"आई, तुझ्यासाठी आणू का मासे?" सुजयराव विचारत.

"नको रे. तू खात नाहीस, मग मला कसा उतरेल घास?"

एका संध्याकाळी मृणालीने नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. "आईंच्या बांगड्या बघितल्या का तुम्ही? हात वर केला की कोपरापर्यंत जातात. दिवाळीत मनगटावर घट्ट बसत होत्या. डॉक्टरकडे नेलं मी काल. म्हणाले, आजार काही नाही, जेवत नाहीत एवढंच."

सुजयरावांनी बाहेर बसलेल्या आईच्या मनगटाकडे पाहिले.

"एका कुर्लीची दया आली तुम्हाला," मृणाली म्हणाली, या वेळी टोमणा न मारता. "चांगलीच गोष्ट आहे. पण घरात आणखीही माणसं आहेत."

सुजयराव गच्चीवर गेले. आता आईसाठी पुन्हा खावे लागणार, हे उघडच होते. मुलाचे कर्तव्य होते ते. पहिल्या दिवशी सरंगा आणावा, की कोळंबी? कोळंबीचे सुके, त्यात कैरी... हा विचार करताना आपण शीळ घालत आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. शीळ त्यांनी तत्काळ थांबवली. इतक्या आनंदाने कोणी कर्तव्य करत नाही. आई भुकेने वाळते आहे आणि आपण तिच्या आडून कोळंबीकडे हात लांबवतो आहोत, ही गोष्ट त्यांना खाणावळीतल्या दुसऱ्या तुकडीपेक्षाही अधिक लाजिरवाणी वाटली. ते कठड्याशी उभे राहिले. भगवती बंदराकडचे दिवे एकेक करून लागेपर्यंत ते तिथेच होते. मग ते खाली आले आणि झोपले.

रविवारी सकाळी ते मिरकरवाड्याला गेले. त्यांना येताना पाहताच दर्शना गर्दीतून ओरडली, "आलाव का शेवटी! मला म्हायतच होता, बर्फातला कुणाच्या घशाखाली जायाचा नाय!"

"एक सुरमई दे. फार मोठी नको."

"तुम्हाला?"

"आईला."

दर्शनाने त्यांच्याकडे एकवार नीट पाहिले. मग समोरची सुरमई बाजूला सारून टोपलीच्या तळातून दुसरी काढली आणि पिशवीत घातली.

घरी सुजयरावांनी ती स्वतः साफ केली, तुकड्या केल्या, मीठ, तिखट आणि कोकमाचे आगळ लावून ठेवल्या. विळीवर बसल्यावर त्यांना ती कुर्ली आठवली. ती आठवणारच होती. त्यांनी तिला आठवू दिले आणि हात चालू ठेवला. तव्यावर पहिली तुकडी पडली तेव्हा त्यांच्या तोंडाला इतके पाणी सुटले, की त्यांना खिडकीबाहेर पाहावे लागले. पेपर अजून दारातच पडलेला होता, तोवर श्रीपतीभाऊ येऊन पोचले.

"वासच सांगत होता," ते भरल्या गळ्याने म्हणाले. "समतोल म्हणतात तो हा."

पाने मांडली. कमळाबाई वाढायला बसल्या आणि सवयीने मधली तुकडी मुलाच्या ताटात ठेवून त्यांनी डोके आपल्या ताटात घेतले. सुजयरावांनी ती तुकडी उचलून आईच्या ताटात ठेवली आणि तिथले डोके उचलून भाऊंच्या.

"अरे, हे काय? मला डोकंच आवडतं."

"ते भाऊंना हवंय. आणि मी खात नाही, आई. मग ही कुणी खायची? वाया घालवू काय?"

भाऊंची नजर मधल्या तुकडीवर होती. त्यांनी सुजयरावांकडे पाहिले, मग कमळाबाईंच्या बांगड्यांकडे.

"हो, हो," ते म्हणाले. "मला डोकंच आवडतं."

कमळाबाईंनी एक घास मोडला. मग दुसरा. भाऊ डोक्यातले काटे एकेक करून ताटाच्या कडेला मांडत होते आणि मधूनच बोट चोखत होते.

"यात बरं असतं," कमळाबाई ताटातच पाहत म्हणाल्या. "काटे काढत बसावं लागत नाही. मला मेला काट्यांचा कंटाळाच आहे पहिल्यापासून."

मृणालीने सुजयरावांकडे पाहिले. सुजयरावांचा घास हातातच राहिला होता.

"भात वाढ गो थोडा," कमळाबाई सुनेला म्हणाल्या, आणि मग मुलाला, "बुधवारी दर्शना येईल ना रे?"

"येईल. घेऊन ठेवीन मी."

सुजयरावांनी मालिनीवहिनींनी सकाळी पाठवलेली फणसाच्या भाजीची वाटी पुढे ओढली. ती मटणासारखी अजिबात लागत नव्हती. त्यांनी त्यातली थोडी भातावर घेतली, संपवली आणि आणखी वाढून घेतली.